दोघांतला एक आधी थकतो: ज्येष्ठ निवासाच्या एका निवडीचा हिशोब

मावशीने वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारली होती. डावीकडे 'घर', उजवीकडे 'तिकडे'. घराची बेरीज ४५, तिकडची ७२. खाली दोन रेघा ओढून निकाल लिहिलेला: 'परवडत नाही.' वही माझ्याकडे सरकवत ती म्हणाली, "बघ, आणि ताईला तूच सांग. माझं ती ऐकत नाही."

ताई म्हणजे माझी मावसबहीण, या दोघांची एकुलती एक मुलगी. नोकरीमुळे लांब राहते आणि अवेळी फोन वाजला की तिच्या पोटात गोळा येतो. तिचं म्हणणं, दोघांनी सगळ्या सोयी असलेल्या संकुलात जावं, लगेच जावं. काका ७९ वर्षांचे, मावशी ७४ ची. काकांना चार वर्षांपूर्वी पार्किन्सनचं निदान झालं. उजवा हात कापतो, पावलं आखूड झाली आहेत, आणि दारातून आत शिरताना कधी कधी पाय फरशीला चिकटल्यासारखे जागच्या जागी थांबतात. डोकं मात्र तल्लख आणि जीभ त्याहून. मावशी गुडघे सोडले तर ठणठणीत. हिशोब तपासणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, म्हणून हे प्रकरण माझ्याकडे आलं. पुढचे पाच महिने ते माझ्याकडेच राहिलं.

आकड्यांबद्दल आधीच सांगतो. दोघांचं मिळून महिन्याचं उत्पन्न मी १०० धरलं आहे आणि बाकी सगळे आकडे त्याच मापात आहेत. म्हणजे ज्याला त्याला आपल्या खिशाच्या मापाने वाचता येतील. या १०० पैकी ६० काकांचं निवृत्तिवेतन, ४० बचतीवरचं व्याज. बचत ८,०००, त्यावर वर्षाला ६ टक्के. राहतं घर ७,५०० चं. काकांच्या माघारी निवृत्तिवेतन निम्मं होऊन मावशीला ३० मिळेल. हा शेवटचा आकडा वहीत नव्हता. विचारल्यावर काकांनीच सांगितला, तोही खिडकीबाहेर बघत.

४५ चे ६२ कसे झाले

मावशीचा हिशोब खोटा नव्हता, अपुरा होता. दर महिन्याला हातातून जाणारे पैसे तिने लिहिले होते. वर्षातून एकदा जाणारे लिहिले नव्हते. मालमत्ता कर, विम्याचा हप्ता, गाडीची दुरुस्ती, गळणारी टाकी, मागच्या वर्षी बदललेलं गीझर, तीन वर्षांपूर्वीचा रंग. बँकेची ३६ महिन्यांची विवरणं घेऊन मी एकूण खर्चाला ३६ ने भागलं तेव्हा घर ६२ ला पडत होतं. हे बहुतेक सगळ्यांच्या बाबतीत होतं. वर्षाचा खर्च महिन्यात दिसत नाही, म्हणून तो नाहीच असं धरून आपण चालतो.

एक खर्च कुठल्याच विवरणात नव्हता. काकांना रात्री कूस बदलता येत नाही. मावशी रात्रीतून दोन-तीनदा उठून त्यांना वळवते. "त्यात काय, झोपेतच करते मी," ती म्हणाली. काकांनी माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवली.

मग मी घरच्याच पर्यायाचा पुढचा हिशोब मांडला, कारण काकांचा जीव तिथे अडकला होता. त्यांनी कुठेतरी वाचलं होतं आणि ते मला दर भेटीत ऐकवत: "डेन्मार्कने जुन्या पद्धतीचे वृद्धाश्रम बांधणं कायद्याने थांबवलं, ठाऊक आहे का? १९८७ चा कायदा!" ते खरं आहे. काळजी माणसाच्या राहत्या जागी पोचवायची, माणसाला काळजीच्या जागी न्यायचं नाही, असा तो विचार. पण त्याच्यामागे सार्वजनिक पैशातून चालणारी घरपोच सेवा उभी आहे. आपण तो विचार उचलून स्वतःच्या खिशातून राबवायला निघतो, तिथे गणित बदलतं.

कसं ते बघा. रोज चार तासांची मदतनीस १८ ला पडते. म्हणजे ६२ चे ८० होतात. आठ तासांची ठेवली तर ९८. इथवर १०० मध्ये बसतं. पण रात्रीसुद्धा माणूस लागायला लागला की आठवड्याचे १६८ तास भरायचे. एक माणूस आठवड्याला ४८ तास काम करतो असं धरलं तर साडेतीन माणसं लागतात. सुट्ट्या, आजारपणं धरून चार. दर तोच ठेवला तरी मदतीचे १०८ आणि घराचे ६२ मिळून १७०. आठ तासांपर्यंत घर हा सगळ्यात स्वस्त पर्याय आहे आणि चोवीस तासांना ते सगळ्यात महागांपैकी एक. मधल्या कुठल्या महिन्यात ही सीमा ओलांडली जाईल हे कुणीच सांगू शकत नाही. शिवाय चार मदतनिसांच्या पाळ्या लावणं, न आलेल्याच्या जागी कुणी शोधणं, भांडणं मिटवणं, ही नोकरी ७४ वर्षांच्या बाईने करायची.

किती मदत लागते, हे कोण ठरवतं

निवासांच्या माहितीपत्रकात 'लेव्हल १, २, ३' असतं आणि प्रत्येकाचा दर वेगळा असतो. या लेव्हल येतात कुठून? बहुतेकांच्या मुळाशी दोन जुन्या याद्या आहेत. सिडनी काट्झ आणि सहकाऱ्यांची १९६३ ची यादी सहा गोष्टींची: अंघोळ, कपडे, संडास, उठबस, मलमूत्रावरचा ताबा, स्वतःच्या हाताने जेवणं. लॉटन आणि ब्रॉडी यांची १९६९ ची यादी आठ गोष्टींची, त्यात फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, धुणं, प्रवास, औषधं आणि पैशाचे व्यवहार. काट्झच्या पाहणीत या क्षमता साधारण एका क्रमाने जातात असं दिसलं. अंघोळ सगळ्यात आधी, हाताने जेवणं सगळ्यात शेवटी.

त्या यादीप्रमाणे काकांना आज अंघोळीला कुणीतरी जवळ लागतं, बाकी पाचही जमतं. लॉटन-ब्रॉडीच्या आठांपैकी मात्र त्यांच्याकडून फोन, औषधं आणि पैशाचे व्यवहार एवढंच उरलं आहे. मावशीची दोन्ही पानं कोरी, तिला कशालाच मदत लागत नाही. माझ्या दृष्टीने हेच या प्रकरणाचं मर्म. हे एक जोडपं नाही. दोन वेगळ्या माणसांची दोन वेगळी प्रकरणं आहेत आणि ती एका छताखाली बसवायची आहेत.

हे मला पहिल्यापासून कळलं होतं असं नाही. माझ्या पहिल्या तक्त्यात दोघं एकदमच म्हातारे होत होते. 'पहिली पाच वर्षं स्वतंत्र, पुढची पाच मदतीने' असं मी दोघांना मिळून लिहिलं होतं. तक्ता सुबक दिसत होता. ताईने फोनवर एकच प्रश्न विचारला, "बाबा पूर्णवेळ शुश्रूषेच्या नर्सिंग विभागात गेले तर आई कुठे राहील, आणि तिचे पैसे वेगळे पडतील का?" तक्ता फेकून द्यावा लागला.

तीन जागा

ताईच्या घराजवळ एक लहान मदतनीस निवास होतं, पंधराएक माणसांचं. जागा प्रेमळ होती. पण तिथे दर सरसकट होता, माणशी ७०. म्हणजे दोघांचे १४०, आणि त्यात मावशी तिला न लागणाऱ्या मदतीचे पैसे भरत राहणार. एका भेटीत ते बाद झालं.

दुसरी जागा भाड्याची. स्वतंत्र दोन खोल्या, जेवण, सफाई, वीज, दुरुस्ती सगळं धरून पहिल्या माणसाचे ५२ आणि दुसऱ्याचे २०. मावशीच्या वहीतले ७२ ते हेच. यावर औषधं, कपडे, फोन, येणंजाणं यांचे १६ धरले की ८८. मदत लागेल तशी विकत घ्यायची: लेव्हल १ चे १२, लेव्हल २ चे २५, लेव्हल ३ चे ४०. त्यापलीकडे गेलं की शेजारच्या इमारतीतला नर्सिंग विभाग, माणशी ९५. तसं झालं तर मावशी खोल्यांमध्ये एकटी, तिचे ५२, काकांचे ९५ आणि वरचे १६ मिळून १६३. प्रवेश शुल्क नाही, फक्त तीन महिन्यांची अनामत.

तिसरी जागा ताईच्या मनातली. मोठं संकुल, स्वतंत्र घरापासून स्मृतिभ्रंश विभागापर्यंत सगळं एका आवारात. प्रवेश शुल्क ५,०००, ते भरायला घर विकावं लागणार. मग दोघांचे महिन्याला ७८, आणि पुढे कितीही मदत लागली तरी तेवढेच. कुणी नर्सिंगमध्ये गेलं तर जेवणाचे ६ वर. अशा सर्वसमावेशक कराराचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. हा घराचा व्यवहार दिसतो, पण मुळात तो विमा आहे. निरोगी असताना जास्त भरायचं आणि आजारी पडल्यावर ते वसूल व्हायचं. ५,००० दहा वर्षांवर पसरले की महिन्याला ४२ पडतात. ७८, १६ आणि ४२ मिळून १३६. (व्याज धरलेलं नाही. ६ टक्क्यांनी सुरुवातीला महिन्याला २५ चं व्याज बुडतं, ते डोक्यात ठेवायचं.)

मी भाड्याच्या जागेचं दहा वर्षांचं चित्र मांडलं: पाच वर्षं सरासरी १००, पाच वर्षं सरासरी १५०. म्हणजे १२५. तिकडे १३६. एवढ्या फरकात मनःशांती मिळत असेल तर ती महाग नाही, असं मी चक्क लिहून ठेवलं होतं. ताई खूश झाली.

मग तब्येतीची तपासणी झाली.

प्रवेशाआधीची ही तपासणी म्हणजे नुसती औपचारिकता असते असं दोघांना वाटत होतं. मावशी तर जुने रिपोर्ट नीट लावून, फाईल करून घेऊन गेली. पण ती विमा कंपनीची तपासणी असते तशी असते. आठवड्याने पत्र आलं: मावशीला सर्वसमावेशक करार मंजूर. काकांना, आजार वाढत जाणारा असल्यामुळे, 'जशी सेवा तसे पैसे'. अशा संकुलांमध्ये पार्किन्सन किंवा स्मृतिभ्रंशाचं निदान आधीच झालेलं असेल तर बहुधा हेच होतं, त्यात त्यांनी काही लबाडी केली असं मी म्हणणार नाही. जळायला लागलेल्या घराचा विमा कुणी उतरवत नाही. पण ज्या माणसासाठी हा सगळा खटाटोप, त्यालाच विमा नाकारला गेला होता.

नवा हिशोब: काका नर्सिंगमध्ये, मावशी एकटी. तिचे ५६, काकांचे ९५, वरचे १६, मिळून १६७. भाड्याच्या जागेपेक्षा ४ जास्तच, आणि त्याखाली महिन्याला ४२ चं गाडलेलं प्रवेश शुल्क. एकूण २०९.

काकांनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, "तुझी मावशी पास, मी नापास. शाळेपासून असंच चाललंय."

प्रवेश शुल्क परत मिळतं, म्हणजे कधी

इथे थोडं थांबतो, कारण बरीच कुटुंबं इथेच घसरतात. संकुलाच्या करारात परताव्याची रक्कम दर महिन्याला २ टक्क्यांनी घटत होती, वर ४ टक्के प्रशासकीय कपात. दीड वर्षात मन बदललं तर ३६ आणि ४ मिळून ४० टक्के गेले, हातात ३,०००. पन्नास महिन्यांच्या आतच परतावा शून्य. दुसरा प्रकार ७,२०० भरायचे आणि ९० टक्के कायम परत. ऐकायला छान. पण कलमात पुढे होतं, '...सदर निवास नव्याने वितरित होऊन शुल्क प्राप्त झाल्यानंतर.' म्हणजे तुमची जागा दुसऱ्या कुणी घेईपर्यंत वाट बघायची. किती दिवस, त्याला मर्यादा नव्हती. मन बदलायची मुदत सात दिवस. जपानमध्ये अशा खासगी निवासांसाठी कायद्यानेच ९० दिवस ठेवले आहेत. तेवढ्यात करार संपला तर प्रत्यक्ष राहण्याचा खर्च वजा करून शुल्क परत द्यावं लागतं. सात दिवसांत तर सामानाची खोकीसुद्धा उघडून होत नाहीत.

आणि संस्थाच बुडाली तर? ही नुसती भीती नाही. कॅलिफोर्नियात पॅसिफिक होम्स ही संस्था आयुष्यभराच्या काळजीचे करार विकत होती. महागाई वाढली, माणसं अंदाजापेक्षा जास्त जगली, जुन्यांचा खर्च नव्यांच्या शुल्कातून भागवायची वेळ आली आणि १९७७ मध्ये ती दिवाळखोरीत गेली. रहिवाशांनी थेट तिच्यामागच्या चर्चवर दावा लावला. अमेरिकेतलीच एरिक्सन ही मोठी कंपनी २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली; तेव्हा घरांचा बाजार पडला होता, आणि जुनं घर विकलं गेल्याशिवाय नवा रहिवासी प्रवेश शुल्क आणणार कुठून? म्हणून मी संकुलाकडे तीन कागद मागितले: लेखापरीक्षित ताळेबंद, किती घरं भरलेली आहेत त्याचा मागच्या तीन वर्षांचा तक्ता, आणि प्रवेश शुल्क वेगळ्या खात्यात राहतं की चालू खर्चात जातं याचं लेखी उत्तर. पहिले दोन मिळाले. तिसऱ्यासाठी 'वरिष्ठांशी बोलून कळवतो' असं सांगितलं गेलं. ते अजून बोलतच असावेत.

बाथरूममधली दोरी

भाड्याच्या जागी पैसे भरून दोन आठवडे राहून बघता येत होतं. मी म्हणेन, ज्या जागी ही सोय नाही तिथे फक्त भेट देऊन सही करू नये. भेटीच्या दिवशी कोपऱ्यातली कुंडीसुद्धा पुसलेली असते.

बाथरूममध्ये कमोडच्या बाजूला मदतीची लाल दोरी होती. ओढली की खालच्या टेबलावर घंटा वाजते. ती जमिनीपर्यंत लोंबायला हवी, कारण माणूस पडतो तो जमिनीवर. इथे ती वर गुंडाळून, गाठ मारून, टॉवेलच्या दांडीला अडकवलेली होती. सफाई करताना ओली होते म्हणून. मावशी खाली फरशीवर बसली, हात वर केला आणि मला म्हणाली, "पोचत नाही बघ." वीतभर अंतर राहिलं. दुसऱ्या मजल्यावरच्या पाच बाथरूम बघितल्या, त्यांतल्या चारांमध्ये गाठ. व्यवस्थापिका बाई खरोखर ओशाळल्या आणि त्याच दिवशी सगळ्या गाठी सोडवल्या. मी दोरीवरून जागा बाद केली नाही. चूक दाखवल्यावर माणसं कशी वागतात हे बघायला मिळालं, ते मला जास्त मोलाचं वाटलं.

औषधांचं प्रकरण त्याहून अवघड होतं. काकांच्या पार्किन्सनवरच्या, लेव्होडोपाच्या गोळ्या सात, साडेदहा, दोन, साडेपाच आणि नऊ अशा बांधलेल्या. गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायची, कारण जेवणातली प्रथिनं तिच्या शोषणात आडवी येतात. उशीर झाला की काका खुर्चीतच थिजतात. निवासात औषधांची फेरी दिवसातून तीनदा, आणि तीही जेवणाच्या टेबलावर. तिसऱ्या दिवशी दोनची गोळी पावणेतीनला आली आणि काका साडेतीनपर्यंत जेवणघरातून उठू शकले नाहीत. परिचारिका म्हणाल्या, "अर्धा-पाऊण तास पुढेमागे होतंच हो." इतर औषधांना होत असेल. या आजारात नाही चालत.

तोडगा काकांनीच काढला. गोळ्या स्वतःकडे ठेवायच्या, मनगटावरच्या घड्याळात पाच गजर लावायचे. निवासाने त्यांची नोंद 'स्वतः औषध घेणारे' अशी केली, त्यामुळे औषध देण्याचं महिन्याचं ६ चं शुल्कही वाचलं. हात फार कापायला लागतील तेव्हा हे मोडेल. म्हणून तेव्हाच्या वेळापत्रकाचा कागद आत्ताच काळजी-योजनेला जोडून घेतला आणि खाली निवासाची सही घेतली.

रविवारी रात्री नऊ वाजता मी न सांगता गेलो. माहितीपत्रकात 'चोवीस तास प्रशिक्षित कर्मचारी' होतं. रात्री ३८ रहिवाशांमागे एक मदतनीस, आणि परिचारिका शेजारच्या इमारतीत, फोनवर. तेवढ्यात चालतं का? लेव्हल १ ला चालतं. लेव्हल ३ ला मला शंका आहे, आणि ती मी दोघांना तशीच सांगितली.

करारातल्या तीन कलमांवर घासाघीस झाली. 'रहिवाशाची गरज आमच्या क्षमतेबाहेर गेल्यास ३० दिवसांत जागा सोडावी' हे पहिलं. आम्ही मागितलं: ६० दिवस, लेखी कारण आणि आमच्या डॉक्टरांचं मत. पहिली दोन मिळाली. दुसरं, रुग्णालयात असताना जेवणाचे पैसे १४ दिवसांनंतरच वजा होतात. ते बदललं नाही. तिसरं वार्षिक दरवाढीचं. तोंडी उत्तर होतं, 'साधारण ५ टक्के.' रहिवाशांना प्रत्यक्ष पाठवलेली मागच्या सहा वर्षांची पत्रं मागितली तर पाच वर्षं ५ ते ६ आणि एक वर्ष ९. मी हिशोबात ६ धरले.

मावशी ८६ ची झाल्यावर

वर्षाला ६ टक्के म्हणजे बारा वर्षांत दुप्पट. बारा वर्षांनी मावशी ८६ ची असेल आणि बहुधा एकटी. हे वाक्य तिच्यासमोर कसं म्हणायचं म्हणून मी दोन दिवस टाळत होतो, शेवटी तीच म्हणाली, "माझ्या एकटीचं काढ."

एकटीचे ५२ तोवर १०५ झालेले असतील, वरखर्चाचे १३. मिळून ११८. उत्पन्नात निवृत्तिवेतनाचे ३० वर्षाला ३ टक्क्यांनी वाढून ४३, व्याजाचे ४० तिथेच. मिळून ८३. तूट ३५. आता घर न विकता भाड्याने दिलं, कर आणि दुरुस्ती जाऊन महिन्याला २८ सुटले, तर ४ टक्के वाढीने बारा वर्षांत ते ४५ होतात. ८३ आणि ४५ मिळून १२८. दहा शिल्लक. तिला लेव्हल २ लागली तर त्याचे तेव्हा ५०, म्हणजे ४० ची तूट, आणि तिथे मुद्दल मोडायचं. पण घर विकायची वेळ येण्याआधी हाताशी बरीच वर्षं राहतात.

घराची भूमिकाच या पानावर बदलली. ताई घराकडे प्रवेश शुल्क म्हणून बघत होती, काका आठवणी म्हणून, मावशी ताईचा वारसा म्हणून. तक्त्यात ते मावशीचं उतारवयातलं निवृत्तिवेतन ठरलं. ताई म्हणाली, "मला नकोच आहे ते घर, आई." त्यावर मावशी बराच वेळ काही बोलली नाही. नंतर एवढंच म्हणाली, "विकायचं नाही म्हणजे परतीचा दोर राहतो ना? बस मग."

वाईट वर्षांचीही तुलना केली, कारण निर्णय माझ्या मते सरासरीवर नाही, वाईट वर्षांवर करायचा. आजच्या दरांनी, काका पूर्ण परावलंबी: घरी राहून खर्च १७०, उत्पन्न १००, महिन्याला ७० कमी. भाड्याच्या जागी खर्च १६३, घरभाड्यासह उत्पन्न १२८, महिन्याला ३५ कमी. तीन वर्षं तशी गेली तर १,२६०. बचत ८,००० ची आहे. संकुलाचा आकडा वर येऊन गेला.

संकुलाची फाईल मात्र फेकली नाही. मावशीला मिळालेली मंजुरी खरी आहे आणि तिथे सर्वसमावेशक करारासाठी वयाची अट ८० ची. म्हणजे सहा वर्षं तो दरवाजा तिच्या एकटीसाठी उघडा आहे, तेव्हाची तपासणी ती पास झाली तर.

चौदा महिने

दोघं भाड्याच्या जागी गेले. पहिल्या महिन्यापासून काकांना लेव्हल १ लागली, म्हणजे ८८ नाही, १०० पडले. घराला भाडेकरू मिळायला चार महिने लागले. तेवढे दिवस उत्पन्न १०० आणि खर्च १०० अशी काठावरची कसरत झाली. माझ्या तक्त्यात भाडेकरू पहिल्याच महिन्यात येत होता.

दहाव्या महिन्यात काकांना न्यूमोनिया झाला, अकरा दिवस रुग्णालयात होते. १४ दिवसांचं कलम, त्यामुळे जेवणाचा एक पैसा वजा झाला नाही. परत आल्यावर लेव्हल २. पहिली वाढ ६ टक्के निघाली, माझ्या अंदाजाला धरून. आता महिन्याचा आकडा ११९ आहे आणि उत्पन्न १२८.

मावशी रात्रभर झोपते. पहिले काही आठवडे ती दोनच्या सुमारास आपोआप जागी व्हायची आणि मदतनीस काकांना कूस बदलून देऊन गेलेली असायची. काकांचं जेवणघरात कुणाशी फारसं जमलेलं नाही. डेन्मार्कचा कायदा ते आता व्यवस्थापिका बाईंना ऐकवतात.

नवीन वहीत मावशीने पानावर तीन रेघा मारल्या आहेत: 'ह्यांचे', 'माझे', 'दोघांचे'. आणि दर मंगळवारी सफाई होऊन गेली की ती दुसऱ्या मजल्यावरच्या ओळीने पाचही बाथरूममध्ये जाते, दोरीची गाठ सोडते आणि टोक जमिनीला टेकतंय ना ते बघून येते.